वस्तीला ठेवलेले नाव

मुंबईत वांद्रे पूर्वेला, रेल्वे स्थानकालगत, बेहरामपाडा ही दाट वस्ती आहे. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलींत ती होरपळली. तिच्यावर मधुश्री दत्ता यांनी १९९३ साली 'आय लिव्ह इन बेहरामपाडा' हा माहितीपट केला. वस्तीतला माणूस 'मी इथे राहतो' असे स्वतःच्या तोंडाने सांगतो, हे त्या शीर्षकातच आले. एरवी अशा वस्त्यांविषयी बोलतात ते बाहेरचेच.

श्रीकृष्ण आयोगाने त्या दंगलींतील मृतांची संख्या ९०० दिली आहे. ज्या हातांनी मारले ते दोषी आहेतच. परंतु 'तिथले सगळे तसलेच' असे त्या हातांना आधी सांगून ठेवणारी जीभ निर्दोष कशी ठरावी?

आम्हां सोलापूरकरांना हा प्रश्न परका नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये जेरी फॉलवेल या अमेरिकन बाप्टिस्ट धर्मोपदेशकाने दूरचित्रवाणीवर प्रेषित महंमदांविषयी अपशब्द काढले. निषेधाच्या बंदात सोलापुरात दंगल उसळली, माणसे मेली. बोलणारा ख्रिस्ती होता. 'तो आपल्या पंथाचा नव्हे' असे म्हणून आम्ही तेव्हा सुटका करून घेतली!

याच्या उलट उदाहरण भिवंडीचे. सोलापूरसारखेच यंत्रमागांचे गाव, १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी बदनाम झालेले. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे १९८८ पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसे पोलिसांसह एकत्र बसू लागली, एकमेकांना नावानिशी ओळखू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. (शांत राहिलेल्या रात्रीचे चित्रीकरण करायला मात्र कोण जाणार?)

आमच्या कुंभारीत २००६ साली गोदूताई परुळेकर यांच्या नावाची, विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे उभी राहिली. जानेवारी २०२४ मध्ये रे नगरातील पहिली पंधरा हजार घरे वाटली गेली. तेलुगू, मुसलमान, मराठी अशा बाया तेथे भिंतीला भिंत लावून राहतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या अंगणातली सायकल नाहीशी झाली. कोणी काही पाहिले नव्हते. तरी आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते, 'घरकुलातल्यांचेच काम!' दोन दिवसांनी सायकल परत आली. आमच्याच पुतण्याने न विचारता नेली होती. ते वाक्य मात्र अंगणात खेळणाऱ्या शेजारच्या मुलांनी ऐकले होते, आणि त्यांतली दोघे घरकुलातल्या मुलांबरोबर एकाच बाकावर बसतात.