गळती

भिवंडीत सायकल चालवायची तर पहाटे पाचलाच निघावं लागतं. सहानंतर जुन्या आग्रा रोडवर कंटेनर सुरू होतात आणि माणकोली, पूर्णा, दापोड्याच्या गोदामांकडे वळणाऱ्या ट्रेलरवाल्यांना सायकल दिसत नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी ग्रॅव्हल बाईक घेतली. जाड टायर, पंच्याऐंशी हजार. आईला किंमत अजून अर्धीच सांगितली आहे. वडील पॉवरलूमवर मेहता होते, आयुष्यभर एकाच डबल-बार सायकलवर कामाला गेले. ते असते तर काही बोलले नसते, नुसता टायर दाबून बघितला असता.

जगभरचे ग्रॅव्हलवाले नदीकाठ, कालवे आणि बंद पडलेले रेल्वेमार्ग शोधत फिरतात. कारण साधं आहे. पाण्याला आणि आगगाडीला एकदम चढ चालत नाही, त्यामुळे त्यांच्या कडेचा रस्ताही सपाट असतो. अमेरिकेत चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या काठाने जवळपास ३०० किलोमीटरचा असा रस्ता आहे. पूर्वी त्यावरून खेचरं बोटी ओढत चालायची. १९२४ मध्ये कालव्यातली वाहतूक थांबली, आता लोक सायकली चालवतात.

आमच्या भिवंडी तालुक्यात असा रस्ता आहे तो मुंबईला पाणी नेणाऱ्या लाईनीच्या कडेने. तानसा धरण १८९२ चं. पुढे वैतरणा आली, मग भातसा. भातसाचं पाणी नदीतून पिशापर्यंत येतं, तिथे उपसून पांजरापूरला शुद्ध करतात. तानसा-वैतरणेचं पाणी उतारावरून आपोआप वाहत येतं, काशेळीला खाडी ओलांडतं आणि मुंबईत जातं. मुंबईला रोज ३,८०० दशलक्ष लिटरहून जास्त पाणी मिळतं. त्यातलं बहुतेक आमच्या तालुक्यातून पुढे जातं. पाईप माझ्या डोक्यापेक्षा उंच, शेजारी मुरुमाचा रस्ता, दोन्ही बाजूंना भातखाचरं. रविवारी सकाळी त्या रस्त्यावर मी आणि बगळे.

फरक एवढाच, की अमेरिकेतला तो कालवा मेलेला आहे. आमची लाईन जिवंत आहे.

गेल्या मार्चमध्ये एका व्हॉल्व्हपाशी चार बायका हंडे भरताना दिसल्या. जागा कुठली ते लिहीत नाही, का ते पुढे कळेल. व्हॉल्व्हच्या सांध्यातून करंगळीएवढी धार पडत होती. खाली शेवाळ, बाजूला कपडे धुवायचा दगड. दगड झिजलेला होता, म्हणजे गळती आजकालची नव्हती. एक मावशी म्हणाल्या, "दादा, पाणी पिता का? थंड आहे." मी बाटली भरून घेतली. शंभर मीटर पुढे जाऊन फोन काढला आणि गळतीची तक्रार नोंदवली. फोटो, लोकेशन, सगळं व्यवस्थित.

का केली? खरं सांगतो, मला छान वाटत होतं. गळती दिसली की कळवावी, हे आपल्याला शाळेपासून शिकवलंय. शिवाय मी इंजिनिअर आहे. बग दिसला की तिकीट टाकायचं, हा हाताचाच स्वभाव झालाय. त्या बायका फोटोत येऊ नयेत म्हणून मी मुद्दाम कोन बदलला होता, हे मात्र नंतर आठवलं. म्हणजे आत कुठेतरी माहीत होतं.

तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा नवा बोल्ट, नवा रंग, कोरडी जमीन. दगड तसाच.

आमच्या क्षेत्रात हायरम राईट नावाच्या इंजिनिअरच्या नावाने एक नियम सांगतात. वापरणारे पुरेसे असले, की तुमच्या सिस्टीमच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागण्यावर कोणीतरी अवलंबून असतंच, मग ते वागणं तुम्ही कबूल केलेलं असो वा नसो. बगवरसुद्धा. ऑफिसात यावर आम्ही हसतो. एकदा मी एक चूक दुरुस्त केली आणि एका ग्राहकाचे सगळे रिपोर्ट बंद पडले, कारण ते त्या चुकीवरच उभे होते. पण तिथे त्या ग्राहकाने फोन केला. आम्ही माफी मागितली आणि जुनी सोय सहा महिने चालू ठेवली. शेवाळावर उभ्या असलेल्या बाईने कोणाला फोन करायचा?

मित्राशी वाद घातला. त्याचं म्हणणं, दुरुस्ती बरोबरच होती. लाईनीतला दाब कधी उतरला, तर त्याच फटीतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं आणि ते लाखो घरांत पोचतं. हे खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण त्याचं पुढचं वाक्य होतं, "आणि शेवटी ती चोरीच ना?" तिथे मी अडलो. शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. ज्यांच्या उशापासून पाणी निघालं, त्यांनी त्यातली करंगळीएवढी धार धरली तर चोरी, आणि अख्खी नदी उचलून नेली तर योजना? लाईनीवरून काही गावांना रीतसर पाणी दिलेलं आहे, नाही असं नाही. पण मग 'रीतसर' कोणी ठरवायचं, हा प्रश्न उरतोच.

विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमध्ये पाणीपंचायत सुरू केली, तेव्हा त्यांनी हाच प्रश्न उलटा करून विचारला. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापाने द्यायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस कोणीच लावायचा नाही. म्हणजे आधी माणसं मोजायची, मग पाणी. मी तक्रार केली तेव्हा फक्त पाणी मोजलं होतं.

दुसरी एक गोष्ट जास्त बोचते. परवानगीशिवाय त्या रस्त्यावर मीही होतो. बायका पाण्यासाठी, मी मजेसाठी. माझी तक्रार कोणी केली नाही. हेल्मेट आणि महाग सायकल असली की माणूस घुसखोर दिसत नाही. मुंबईत याच तानसा लाईनीच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा कोर्टाच्या आदेशाने मोकळी केली. तिथल्या कितीतरी कुटुंबांना रिफायनऱ्यांच्या शेजारी, माहुलला पाठवलं. तिथल्या हवेबद्दल हरित लवादाने २०१५ मध्येच धोक्याचा इशारा दिला होता. मोकळ्या जागेवर ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक करायची योजना जाहीर झाली. आमच्या ग्रुपवर ती बातमी आली तेव्हा मी बदाम टाकला होता. पाणी सुरक्षित राहायला जागा मोकळी हवी, हे मला पटतं. पण घर चालत नाही आणि सायकल चालते, हे इतक्या सहज कसं पटलं होतं?

मे महिन्यात त्याच मावशी पुन्हा भेटल्या, डोक्यावर दोन हंडे. आता विहिरीवरून आणतात, अर्धा तास जास्त लागतो. मी म्हणालो, ग्रामपंचायतीकडे कनेक्शनसाठी अर्ज लिहून देऊ का? "अर्ज दिलेलाय ना दादा, पोरगी शाळेत होती तेव्हाच. आता तिला पोरगी झाली." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्ही दर रविवारी येता ना इकडून? कुठे गळताना दिसलं तर सांगा."

येताना दीड किलोमीटर मागे एक सांधा ठिबकताना मी पाहिला होता. तो त्यांना सांगितला. त्याची तक्रार मी केलेली नाही. आधीची कोणी केली, तेही त्यांना सांगितलेलं नाही.