संशयाचा फायदा कोणाला?

बेंगळुरूच्या लालबागेजवळून जाताना हॉपकॉम्सच्या दुकानात मांडलेले काळ्या द्राक्षांचे घड दिसले की पाऊल क्षणभर थबकते. द्राक्ष-बागायतदारांची सहकारी संस्था म्हणून १९५९ साली हॉपकॉम्सचा आरंभ झाला. आपण भाव विचारतो, एखादा मणी चाखून पाहतो. त्या वेलींवर पाठीला पंप लावून औषध मारणारा मनुष्य कोण, त्याच्या घरी पाळणा हलला की नाही, हा प्रश्न मात्र मनाला शिवत नाही. शेतकरी विषालाही ‘औषध’च म्हणतो, त्या सोज्वळ शब्दामुळे आपलीही झोप मोडत नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाला घालतात. परंतु ज्या क्रियेत ती अडथळा आणतात, ती मनुष्यदेहातही चालते. त्वचेवाटे व श्वासावाटे हे विष फवारणाऱ्याच्या शरीरात शिरते. पुरुषाच्या देहात शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, आणि हंगामभर चाललेली फवारणी हा काळ सहज व्यापून टाकते. अशा कीटकनाशकांवरील गेल्या पन्नास वर्षांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचा संपर्क अधिक, त्या पुरुषांत शुक्राणूंचे प्रमाण कमी, असा त्याचा निष्कर्ष आहे.

तरीही एखाद्या पुरुषाकडे बोट दाखवून ‘याला मूल नाही ते या विषामुळेच’ असे छातीठोकपणे सांगता येत नाही. तंबाखू, मद्य, जंतुसंसर्ग, भट्टीजवळचे काम अशी इतरही कारणे असतात. हा संशय प्रामाणिक आहे. नैतिक प्रश्न येथूनच सुरू होतो : या संशयाचा फायदा कोणाला द्यावा?

आजवर तो कोणाला दिला गेला ते पाहा. मुळांवरील सूत्रकृमी मारणारे डीबीसीपी नावाचे रसायन उंदरांच्या वृषणांना इजा करते, हे १९६१ सालीच प्रसिद्ध झाले होते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात ते बनविणाऱ्या कारखान्यातील कामगारांना आपल्याला मुले होत नाहीत हे जाणवले आणि तपासणीत सत्य बाहेर आले, ते १९७७ साली. मधली सोळा वर्षे संशयाचा फायदा त्या रसायनाला मिळाला. आपल्याकडे केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वीस वर्षांहून अधिक काळ विमानातून एंडोसल्फान फवारले गेले. ते २००० साली थांबले. तेथील मुलग्यांची लैंगिक वाढ उशिरा होत असल्याचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ साली मांडले. त्यावर पुष्कळ वाद झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाची देशव्यापी बंदी आली ती मे २०११ मध्ये. पुरावा पुरेसा होण्याची आपण वाट पाहत होतो. आणि तो पुरावा गरिबांच्या मुलांच्या देहांत साठत होता.

आता शेतातून घरात या. तेथे संशय येताच निवाडा होतो, आणि तो स्त्रीविरुद्ध. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो, असे वैद्यकशास्त्र सांगते; तरी नवससायास तिने करायचे, औषधे तिने घ्यायची, ‘वांझ’ हा शब्द तिनेच ऐकायचा. हन्नेचे अश्रू आपण जाणतो. तिला डिवचणारी पनिन्नाही आपल्याला ठाऊक आहे. १९९१ साली हैदराबादच्या संशोधकांनी कापसाच्या शेतांत फवारणी करणाऱ्या पुरुषांच्या संसारांचा अभ्यास केला. त्यांच्या पत्नींत गर्भपात व मृतजन्म यांचे प्रमाण अधिक आढळले. विष हाताळले पतीने, आणि रिकामी ओटी घेऊन उभी राहिली पत्नी! शेतात विषाला संशयाचा फायदा मिळतो. घरात निरपराध स्त्रीला तो मिळत नाही.

कोणी म्हणेल, फवारणी न केल्यास पीक जाईल, कर्जबाजारी शेतकरी बुडेल. ही अडचण खोटी नाही. परंतु न्यायालय आरोपीला संशयाचा फायदा देते, कारण तो मनुष्य असतो आणि त्याचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. रसायन हे मनुष्य नव्हे. सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानले जाण्याचा हक्क त्याला कोठून आला? आणि विषाशिवाय मार्गच नाही, असेही सर्वत्र नसते. पपईवर पिठ्या ढेकणाने थैमान घातले, तेव्हा बेंगळुरूतील राष्ट्रीय कीटक संशोधन संस्थेने २०१० साली परदेशातून त्याचा नैसर्गिक शत्रू असलेली इवलीशी गांधीलमाशी आणवली, वाढविली व बागांत सोडली. महाराष्ट्रातील बागांनाही तिचा लाभ झाला.

म्हणून जेथे असा मार्ग आहे तेथे तो शोधावा. जेथे नाही तेथे हातमोजे, मुखपट्टी व अंगभर वस्त्र यांचा खर्च मजुराने नव्हे, मालकाने सोसावा. आणि त्यासाठी दोन पैसे अधिक पडले तर आपण, खाणाऱ्यांनी, कुरकुर करू नये. घरात मूल नसेल तर पहिली तपासणी पुरुषाने निःसंकोच करून घ्यावी; ती सोपी आहे. त्यात दोष आढळला तरी तो त्याच्या पुरुषार्थाला लागलेला डाग नव्हे. कदाचित ती आपल्या अन्नासाठी त्याला झालेली जखम असेल. हे ‘कदाचित’ आपण कोणाच्या पदरात टाकतो, यावरून आपली नीती ओळखली जाईल.