यंत्र माझं, पेपर सगळ्यांचा

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी न्यू जर्सीला गेलो होतो, तेव्हा दोन आठवडे ताईकडे राहिलो. भाचा शाळेत आहे. एका संध्याकाळी त्याने माझ्यासमोर त्याचा कॅल्क्युलेटर ठेवला आणि विचारलं, "मामा, यावर सी चालतं म्हणे. खरंय?"

खरं होतं. तो टीआय-८४ प्लस सीई होता, कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेला. आत ४८ मेगाहर्ट्झचा ईझेड८० प्रोसेसर, ३२० बाय २४० पिक्सेलचा रंगीत स्क्रीन आणि वापरायला साधारण १५४ केबी रॅम. तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

प्रत्यक्ष कॅल्क्युलेटरवर बसून सी लिहीत नाहीत. हौशी प्रोग्रामर मंडळींनी या यंत्रासाठी एक मोफत टूलचेन बनवलंय. लॅपटॉपवर कोड लिहायचा, कंपाइल करायचा आणि तयार झालेली फाइल यूएसबी केबलने आत सोडायची. सोबत काही लायब्ररी एकदाच टाकाव्या लागतात. पहिला प्रोग्राम अर्थातच 'हॅलो'. शेवटी 'की दाबेपर्यंत थांब' असं सांगणारी एक ओळ लिहावी लागते, नाहीतर अक्षरं वाचायच्या आत प्रोग्राम संपलेला असतो.

दुसरा प्रोग्राम १ पासून सुरू होणाऱ्या संख्यांच्या बेरजेचा. ४०९५ पर्यंत उत्तर आलं ८३,८६,५६०. बरोबर. मग त्याने ४०९६ घातले आणि उत्तर आलं उणे ८३,८६,५६०. तो चक्रावला. "मामा, हे खोटं बोलतंय!" मी सांगितलं, लॅपटॉपवर इंट सहसा ३२ बिटांचा असतो, इथे २४ बिटांचा. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ८३,८८,६०७. त्यापुढे गेलास की गाडीच्या मीटरसारखं उलटतं. त्याने तो व्हेरिएबल लाँग केला आणि उत्तर सुधारलं.

अडचण तिसऱ्या दिवशी आली. त्याने एकट्याने लिहिलेला प्रोग्राम मला दाखवला. चालू केला की स्क्रीनवर मेमरी पुसल्याचा संदेश येई, अगदी कॅल्क्युलेटरचा स्वतःचा येतो तसा. त्याचे गणिताचे सर टेस्टच्या आधी सगळ्यांना मेमरी पुसायला लावतात आणि बाकांमधून फिरत प्रत्येकाचा स्क्रीन बघतात. याच्या प्रोग्रामने काहीच पुसलं जात नव्हतं. फक्त तसं दिसत होतं.

"भारी झालंय ना?"

झालं होतं भारी. अक्षरांची जागासुद्धा पिक्सेलला पिक्सेल जुळवलेली.

ही युक्ती काही त्याने शोधलेली नाही. अमेरिकेतली मुलं हे जुन्या कॅल्क्युलेटरांवर बेसिकमध्येही करत आलीत. कंपन्याही गप्प बसलेल्या नाहीत. २००९ साली हौशी लोकांनी टीआय-८३ प्लसची ५१२ बिटांची सही करायची किल्ली गणिताने फोडली, म्हणजे स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम त्या यंत्रावर टाकायची वाट मोकळी झाली. ती किल्ली प्रसिद्ध करणाऱ्यांना टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने कायदेशीर नोटिसा पाठवल्या. २०२० मध्ये त्याच कंपनीने परीक्षेच्या सुरक्षिततेचं कारण देऊन सीई मालिकेच्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिममधून असेंब्ली आणि सीचे प्रोग्राम चालवायची सोय काढून टाकली. भाच्याच्या कॅल्क्युलेटरमध्ये जुनी सिस्टिम होती म्हणून आमचं काम झालं. त्याच्या मित्राकडे तेच मॉडेल, पण अपडेट केलेलं. त्यावर आमचा निरुपद्रवी 'हॅलो'सुद्धा चालला नाही.

तर प्रश्न असा. पैसे देऊन घेतलेल्या यंत्रात मी काय चालवावं, हे कुणी ठरवायचं?

माझं पहिलं उत्तर तयार होतं: मालकाने. सायकल घेतली तर ती कुठल्या रस्त्याने न्यायची हे दुकानदार सांगत नाही. शिवाय मी प्रोग्रामर झालो तो असंच काहीतरी खोलून, बिघडवून. कुलूप लावलेल्या यंत्राकडे बघून कुणाला कुतूहल वाटणार?

पण परीक्षेच्या खोलीत शिरलं की हे उत्तर लंगडं पडतं. कॅल्क्युलेटर माझा असला तरी पेपर माझ्या एकट्याचा नसतो. शेजारच्या बाकावरच्या मुलीने खरंच मेमरी पुसलेली असते. सरांना फसवलं असं आपण म्हणतो, पण किंमत ती मोजते, आणि तिला ते कधी कळतही नाही.

आणि मी कुठल्या तोंडाने बोलणार? दुसऱ्या वर्षाला गणिताच्या पेपरला माझ्याकडे नॉन-प्रोग्रामेबल कॅसिओ होता, आमच्याकडे तोच चालायचा. हॉलमध्ये मॉडेल तपासायचे. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेले लाप्लासचे फॉर्म्युले कुणी तपासले नाहीत. यंत्र पूर्ण कुलूपबंद होतं. झाकण उघडं होतं.

म्हणून कुलपाने प्रामाणिकपणा येतो, हे मला पटत नाही. पण कुलूप नकोच, हेही म्हणवत नाही. ऑफिसात मी स्वतः तेच काम करतो: रूट केलेल्या फोनवर आमचं अॅप उघडू नये, हे बघणारा कोड माझ्या टीमचा आहे. त्यात कुणाचे तरी पैसे वाचतात. स्वतःचा फोन स्वतःच्या मर्जीने वापरणाऱ्या एखाद्या सज्जन माणसाला आम्ही दारातून परतही पाठवतो. त्याची तक्रार वाचताना मला दर वेळी थोडं अपराधी वाटतं, आणि कोड तसाच राहतो.

विचार करून मी एवढ्यावर आलोय: कुलूप किती वेळाचं आहे, आणि ते सगळ्यांना दिसतं का, हे बघावं. काही देशांत या कॅल्क्युलेटरांना परीक्षेचा मोड असतो. तो चालू केला की साठवलेलं काही वापरता येत नाही आणि वरचा दिवा लुकलुकत राहतो. परीक्षा संपली की यंत्र पुन्हा तुमचं. हे मला मान्य आहे, कारण तीन तासांची अट तीन तासांपुरतीच आहे. त्या तीन तासांसाठी वर्षभराचं दार बंद करणं मात्र जास्त होतं. मोडलाही पळवाटा निघतात, हे मला ठाऊक आहे. त्या बुजवायचा खर्च कंपनीने करावा, यंत्र विकत घेणाऱ्या मुलाने नाही.

यातलं बरंचसं मला नंतर सुचलं. त्या रात्री मी भाच्याला फक्त झाकणाची गोष्ट सांगितली.

"पकडलं तुला?"

"नाही."

"मग काय झालं?"

"६२ मिळाले. त्यातले माझे किती, ते अजून माहीत नाही."

तो बराच वेळ कॅल्क्युलेटरकडे बघत बसला. मग म्हणाला, "पण मामा, मी अजून कुणाला दाखवलेलं नाही. नुसतं बनवलंय." बरोबर होतं त्याचं. तोवर ते चित्र होतं, सरांसमोर धरलं असतं तर खोटं झालं असतं. मधला निर्णय त्याचा होता. कंपनीने तो त्याच्या मित्राकडून काढून घेतला होता. मी घेतला नाही. घ्यायला हवा होता का, हे अजून नक्की सांगता येत नाही.

परत निघालो तेव्हा त्याची टेस्ट चार दिवसांवर होती. मेमरीवाला प्रोग्राम ठेवलास की उडवलास, हे मी विचारलं नाही. विमानतळावर त्याचा मेसेज आला: सापाचा गेम जमलाय, पण साप भिंतीतून आरपार जातोय, काय करू?