कुंभकर्ण उभा राहील का?

कुंभकर्णाची गोष्ट ऐकताना मुलं हमखास विचारतात, एवढा मोठा राक्षस सहा महिने न जेवता, नुसता झोपून जगायचा कसा? मोठ्यांकडे दोन उत्तरं तयार असतात. एक, 'ती नुसती गोष्ट आहे.' दुसरं, 'त्या काळी तसं होतं.' दोन्ही उत्तरांनी मुलाचा प्रश्न तिथेच मरतो, आणि तो फार चांगला प्रश्न असतो. कल्पित प्राण्याला खऱ्या प्राण्याचे प्रश्न विचारावेत. तो उभा कसा राहील, खाईल किती, श्वास कसा घेईल? असं विचारत गेलं की निसर्गाचे नियम जितके नीट कळतात, तितके पाठ्यपुस्तकातल्या व्याख्यांनी कळत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

हिशोब करूनच पाहू. कुंभकर्ण माणसाच्या दहापट उंच आणि बांध्याने हुबेहूब माणसासारखा, असं धरू. उंचीबरोबर रुंदी आणि जाडीही दहापट होते, म्हणून वजन हजारपट होतं. सत्तर किलोंच्या माणसाचे सत्तर टन झाले. पण हाड किती भार पेलेल हे त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि ते वाढलं फक्त शंभरपट. म्हणजे मांडीच्या हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहापट ओझं आलं. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली 'ऑन बीइंग द राइट साइझ' या निबंधात एका जुन्या इंग्रजी रूपककथेतल्या साठ फुटी राक्षसांना हाच हिशोब लावला होता. माणसाचं मांडीचं हाड साधारण त्याच्या वजनाच्या दहापट भाराखाली मोडतं, म्हणून हे राक्षस पाऊल टाकतील तेव्हा मांड्या मोडून घेतील, असं त्यांनी दाखवलं. हेच हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. या नियमाचं मूळ त्यांच्याही मागे जातं. १६३८ साली लायडनमध्ये छापलेल्या ग्रंथात गॅलिलिओने एक साधं हाड आणि त्याच्या तिप्पट लांबीचं, तेच काम करू शकेल असं हाड शेजारी शेजारी काढून दाखवलं. दुसरं बेढब जाड आहे.

तर कुंभकर्णाला उभं राहायचं असेल तर त्याला माणसाचा आकार सोडावा लागेल. सत्तर टनांच्या आसपास पोचलेले जमिनीवरचे प्राणी खरोखर होऊन गेले, ते म्हणजे लांब मानेचे अवाढव्य डायनासोर. चार खांबांसारखे पाय, पोकळ्यांमुळे हलके झालेले मणके आणि पक्ष्यांसारख्या हवेच्या पिशव्या, एवढ्या सोयींवर त्यांनी ते वजन पेललं. त्याच गोतातला, पण आकाराने बराच लहान असा इसिसॉरस आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला सापडला आहे.

आता झोपेचं पाहू. १९३२ मध्ये मॅक्स क्लायबर यांनी दाखवलं की प्राण्याचं वजन वाढतं त्या मानाने त्याची ऊर्जेची गरज वाढत नाही. ती वजनाच्या पाऊण घाताने वाढते. तीन-चतुर्थांश की दोन-तृतीयांश, यावर आजही वाद आहे, पण दिशा नक्की आहे. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये लिलिपुटच्या गणित्यांनी गलिव्हरला सतराशेहून जास्त माणसांचं जेवण ठरवलं. उंची बारापट, म्हणून आकारमान बाराचा घन, हा त्यांचा तर्क. क्लायबरच्या नियमाने सुमारे २७० माणसांचं जेवण पुरलं असतं. त्याच रीतीने हजारपट वजनाच्या कुंभकर्णाला हजार नव्हे, साधारण १८० माणसांचं अन्न लागेल. म्हणजे दर किलो वजनामागे त्याचा खर्च माणसाच्या साडेपाचपटीने कमी. चरबीचा साठा माणसाच्याच प्रमाणात धरला तर तो उपाशी साडेपाचपट जास्त काळ तगेल. निरोगी माणूस नुसत्या पाण्यावर दीड-दोन महिने तग धरतो. गुणाकार केला तर निदान आठ महिने भरतात!

हा आकडा पाहून मला मनापासून आनंद होतो. ज्या गोष्टीवर आपण सगळ्यात आधी अविश्वास दाखवतो, ती झोप हिशोबात बसते आणि जी चित्रात बिनबोभाट मान्य करतो, ती उभी मूर्ती कोसळते. रामायणकाराला चयापचयाचा नियम ठाऊक होता असं यातून मुळीच निघत नाही. हिशोब आपला आहे, आजचा आहे, आणि कुंभकर्ण फक्त त्याचं निमित्त आहे.

निमित्त आणि पुरावा यांतला हा फरक २०२४ मध्ये फार गरजेचा ठरला. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत मिळालेल्या सत्तावीस मणक्यांवरून आयआयटी रुरकीचे देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी एका नव्या सापाची नोंद केली. काळ सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, लांबी अंदाजे ११ ते १५ मीटर आणि नाव 'वासुकी इंडिकस'. लगेच समुद्रमंथनाचा पुरावा सापडल्याची वाक्यं फिरू लागली. माणूस पृथ्वीवर आला तो जेमतेम तीन लाख वर्षांपूर्वी. नाव संशोधकांनी आदराने दिलं, त्याहून जास्त काही त्यात नाही. वाईट याचं वाटतं की या गदारोळात खरा चमत्कार बाजूला पडला. साप आपली उष्णता स्वतः निर्माण करत नाही. एवढं धूड चालवायचं तर भोवतालची हवाच उबदार हवी. त्यामुळे सापाच्या आकारावरून त्या काळचं हवामान ताडता येतं. कोलंबियातल्या सेरेहोन कोळसा खाणीतल्या, सुमारे १३ मीटर लांबीच्या टायटनोबोआवरून २००९ मध्ये तिथल्या वार्षिक सरासरी तापमानाचा अंदाज ३० ते ३४ अंश सेल्सियस असा काढला गेला. त्यावर आक्षेपही आले. वासुकीसाठी तो सुमारे २८ अंश आहे. मणक्यांच्या मापातून कोट्यवधी वर्षांपूर्वीचं ऊन मोजता यावं, यापेक्षा अद्भुत काय असतं?

आणि हे प्रश्न विचारणारी माणसं आपल्यातच आहेत. नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांना गुजरातेत ढोली डुंगरीला डायनासोरच्या अंड्यांजवळ काही हाडं मिळाली. ती पिल्लाचीच असतील असं आधी वाटलं होतं. २००१ मध्ये अमेरिकी संशोधक जेफ्री विल्सन यांनी नागपूरला तो दगड पाहिला आणि त्यात सापाचे मणके ओळखले. २०१० मध्ये 'सनाजेह' जगापुढे आला. साडेतीन मीटरचा हा साप घरट्यात अंड्याभोवती वेटोळं घालून गाडला गेला होता. आजच्या अजगरासारखा त्याचा जबडा फाकत नव्हता, म्हणून अंडं गिळणं त्याला जमलं नसतं. अंड्यातून निघालेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू मात्र जमलं असतं. इतकं सगळं सांगता आलं, कारण त्याची कवटी हाती होती.

वासुकीची कवटी अजून मिळालेली नाही. तो दबा धरून, आवळून शिकार करत असावा हा अंदाज मणक्यांच्या घडणीवरून बांधलेला आहे. पानंध्रोच्या त्याच थरांत मासे, कासवं, मगरी आणि आदिम देवमासेही सापडले आहेत. त्यांतलं कोण त्याच्या तोंडी जात होतं हे शोधायला कवटी किंवा जबड्याचा एखादा तुकडा हवा, आणि तो खाणीच्या थरांतच शोधावा लागेल.