बाराशे रुपयांची पाणीपट्टी

कऱ्हेच्या खोऱ्यात एक गाव होतं. उंबरे तीनशे. तलावाच्या पायथ्याला विहीर, विहिरीवर मोटार, टेकाडावर टाकी आणि तिथून गावभर नळ. खालच्या आळीला पाणी जोरात यायचं. वरची आळी जवळजवळ टाकीच्याच उंचीवर, त्यामुळे तिथे करंगळीएवढी धार. तीही तिसऱ्या दिवशी, कधी नऊला तर कधी बाराला.

गावचे सरपंच सचोटीचे होते. एका संध्याकाळी ते ग्रामसेवकाला घेऊन हिशोबाला बसले. विजेचं बिल वर्षाला 2,16,000 रुपये. पाणी सोडणाऱ्याचा पगार 72,000. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि दुरुस्ती मिळून 72,000. बेरीज 3,60,000. पाणीपट्टी मात्र घरटी 600 रुपये, आणि भरणारे निम्मेच. तीनशे घरांनी भागलं की घरामागे 1,200 येतात. हिशोबात खोट नव्हती. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नवा दर लागला.

गाव भडकलं. "पाणी तिसऱ्या दिवशी आणि पट्टी दुप्पट?" असं जो तो विचारू लागला. जे आजवर नेमाने भरत होते त्यांनीही हात आखडला. मार्चमध्ये वीजबिल थकलं, वायरमन आला आणि मोटारीची जोड तोडून गेला. बायका पुन्हा हंडे घेऊन विहिरीवर जाऊ लागल्या.

सरपंचांना ते लागलं. गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या शेतकऱ्याच्या ओट्यावर जाऊन ते म्हणाले, "आबा, मी एक पैसा खाल्ला नाही. हिशोब खरा मांडला. मग लोक माझ्यावर का चिडले?"

आबांनी तरुणपणी 1972 च्या दुष्काळात कामावर माती वाहिली होती. ते म्हणाले, "हिशोब खराच हाय. पण तो तुम्ही दोघांनी केला. नायगाव इथनं लांब न्हाई. तिथं विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली, ती आठवा. माणशी अर्ध्या एकराचं पाणी. ज्याला जमीन न्हाई त्यालाबी वाटा. ऊस लावायचा न्हाई. खर्चाचा पाचवा हिस्सा घेणाऱ्यानं भरायचा. पाणी वाटणारा पाटकरी गटानंच नेमायचा. हातात पाणी असताना ऊस न लावणं सोपं असतंय व्हय? पण बसून कबूल केलं होतं, म्हणून माणसं पाळत होती. तुम्ही आम्हाला कुठं बसवलंत?"

सरपंच घरी आले ते ठरवूनच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळा हिशोब, वीजबिलाच्या आकड्यासकट, शाळेच्या भिंतीवर खडूने लिहून काढला. मग संध्याकाळी आळीआळीत बसायला सुरुवात केली. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. आजवर ती सह्या गोळा करण्यापुरती व्हायची. या वेळी ती खरोखर भरली.

तिथे वरच्या आळीतली एक बाई उठून बोलली. "भाऊ, आमाला पाणी जास्त नको. ते कधी येणार तेवढं सांगा. आठला खुरपायला निघावं लागतं. पाण्यासाठी थांबलं की हजेरी बुडती. तीनशे रुपये हजेरी हाय माझी. तुम्ही वर्षाला बाराशे मागता. पाण्यापायी वर्षात माझ्या किती हजेऱ्या बुडाल्या, ते कुणी मोजलंय का?"

कुणीच मोजलं नव्हतं. शासनाच्या योजनेत दरडोई दररोज 55 लिटर हे माप ठरलेलं आहे आणि ते मोजणारी माणसंही आहेत. पण नळाकडे बघत बसलेल्या बाईची सकाळ कोणत्याच मापात धरलेली नव्हती. गरिबाला पाण्याचे पैसे द्यायला नकोत, असं आपण फार सहज म्हणतो. ती बाई बाराशेच्या कितीतरी पट आधीच देत होती, आणि त्यातला एक रुपयाही योजनेच्या उपयोगी पडत नव्हता. हे कळायला तिला बोलतं करावं लागलं. ग्रामसेवकाच्या वहीत ते सापडणं शक्यच नव्हतं.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की पाणी सोडणारा माणूस मागे उभा आहे. पंधरा वर्षं तो व्हॉल्व्ह फिरवत होता आणि आजवर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. तो आधी चाचरला, मग सांगू लागला. खालच्या आळीत नळाला थेट टिल्लू पंप लावलेत. हौदाजवळचा व्हॉल्व्ह गळतो. म्हणून टाकी भरायला मोटार रोज दोन तास जास्त चालायची. त्यातला एक टिल्लू सरपंचांच्या चुलत्याच्या घरी होता. तेही त्याने सांगितलं. चुलते सभेच्या ओट्याशीच बसले होते. सरपंच त्यांच्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "काका, उद्या काढायचा." तो निघाला, आणि चार दिवसांत बाकीच्यांनीही आपापले काढले.

1 मेच्या ग्रामसभेत दरावर कडाक्याचं भांडण झालं. घरं बंद करून पुण्या-मुंबईला राहणारे म्हणाले, आम्ही चार दिवसांपुरते येतो, आम्हाला पूर्ण पट्टी कशाला? गोठेवाले म्हणाले, जनावरांचं पाणी वेगळं धरू नका. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं काय, असं आबांनी विचारलं. रात्री दहा वाजले तरी कुणी उठेना. हे भांडण झालं ते चांगलंच झालं. पाण्यावरून माणसं भांडतात तेव्हा निदान एकमेकांची गरज त्यांच्या कानावर पडते. मुकाट्याने पट्टी बुडवणाऱ्याकडून काहीच कळत नाही.

गळती आणि टिल्लू गेल्यावर वीजबिल 1,50,000 वर येईल, असा अंदाज निघाला. मोटार जळाली तर असावेत म्हणून वर्षाला 36,000 बाजूला टाकायचे ठरले. एकूण खर्च 3,30,000. बंद असलेली 40 घरं आणि एकट्या म्हाताऱ्यांची 30 घरं यांना 400 रुपये. गोठे आणि दुकानं असलेल्या 20 घरांना 2,500. उरलेल्या 210 घरांना किती ते मास्तरांनी फळ्यावर मांडलं. उत्तर आलं 1,200.

सभेत कुणीतरी ओरडलं, "अहो, हा तर तोच आकडा!"

तोच होता. पण फळ्यावर पहिल्यांदा तो लागला तेव्हा त्यात काय आहे हे दोन माणसांनाच ठाऊक होतं. आता वरच्या आळीला ठाऊक होतं की त्यात आपलं सकाळी सहाचं, एक दिवसाआडचं पाणी आहे, तेही खालच्या आळीच्या आधी. म्हाताऱ्यांना माहीत होतं की आपले आठशे रुपये गावाने आपल्या अंगावर घेतलेत. ज्याला पैसे भरायचे आहेत त्याला आधी विचारावं, आणि ज्याला सगळ्यात कमी मिळतं त्याला सगळ्यात आधी विचारावं, एवढंच सरपंच त्या महिन्यात शिकले होते. दिवाळीपर्यंत 300 पैकी 281 घरांची पट्टी जमा झाली.

पुढल्या वैशाखात मोटार खरंच जळाली. बाजूला टाकलेल्या पैशांतून ती तिसऱ्या दिवशी भरून आली. त्याच आठवड्यात गोठेवाले पंचायतीत आले. दुधाचा भाव पडलाय, 2,500 झेपत नाहीत, दर पुन्हा बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. सरपंचांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांनी तो विषय पुढच्या ग्रामसभेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहून घेतला आणि गोठेवाल्यांना सांगितलं, "कुणाकडे किती जनावरं हायत, त्याची यादी घेऊन या. सगळ्यांसमोर मांडू."