आधीं खणा, मग बांधा

वाचन : लूक ६:४७-४९, यहेज्केल १३:१०-१६



दोन घरें बांधणाऱ्यांचा प्रभूचा दृष्टांत आपण पुष्कळ वेळां ऐकिला आहे. मत्तय खडक व वाळू ह्यांचा भेद सांगतो. लूक आणखी एक गोष्ट नमूद करितो, ती ही कीं, शहाण्या मनुष्यानें खणलें, आणि खोल खणलें. खडक त्यास वर आयता सांपडला नाहीं. तो त्यास शोधावा लागला. आज ह्या खणण्याविषयीं विचार करूं, आणि तोही केवळ आत्मिक अर्थानें नव्हे, तर घर, जागा व पैसा ह्यांच्या व्यवहारांत. कारण ज्यानें माती निर्माण केली, त्यास मातीचा व्यवहार परका नाहीं.

देशावर आपले वाडवडील काळींत पेरीत व पांढरींत राहत. ह्या दोन शब्दांत मोठें शहाणपण आहे. काळी माती आपल्या डोंगरांच्या काळ्या दगडापासून झालेली आहे. ती पाणी धरून ठेविते, म्हणून कापूस व ज्वारी ह्यांस ती माउलीसारखी आहे. परंतु तोच गुण घरास घातक होतो. पावसाळ्यांत ती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यांत सुकून आकसते, व तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या मध्यभागाखालीं ओल टिकते, कडांची ओल मात्र कमीजास्त होत राहते. त्यामुळें घर सर्व बाजूंनीं सारखें हलत नाहीं, आणि दारें-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून भिंती तिरप्या तडकतात.

एका मंडळींत आम्हीं हें डोळ्यांनीं पाहिलें. तेथील उपदेशकानें अनेक वर्षांची शिल्लक व वर थोडें कर्ज घालून शेताच्या कडेचा एक तुकडा विकत घेतला. वैशाखांत जागा पाहिली. जमीन दगडासारखी कठीण लागली. दोन फूट पाया घेऊन घर उभें केलें. पहिल्या पावसांत दारें अडकूं लागलीं, व दुसऱ्या उन्हाळ्यांत खिडकीपासून छपरापर्यंत भेग गेली. जागा विकणारा त्याच मंडळीचा सभासद होता, व पूर्वी तेथें बांधलेली भिंत पडली होती हें त्यास ठाऊक होतें. आम्हीं विचारिलें तेव्हां तो म्हणाला, “मला कोणीं विचारलेंच नाहीं.” तेव्हांपासून ते दोघे एका पंगतीस प्रभुभोजनास बसत नाहींत. बंधूंनो, त्या मातीनें एक घर फाडिलें. पण त्या मौनानें मंडळी फाडिली.

म्हणून जो घेणार आहे त्यानें खणावें. जागा उन्हाळ्यांत पाहिली तरी भर पावसांत पुन्हां पाहावी, व पाणी कोठें तुंबतें तें ध्यानांत घ्यावें. जवळच्या विहिरीच्या कडेला उभें राहून मातीचे थर मोजावे. मुरूम किती खालीं आहे तें ती फुकट सांगते. शेजाऱ्यांच्या भिंती पाहाव्या व जुन्या माणसांस विचारावें, कीं येथें पूर्वी नाला, खाण किंवा बुजविलेली विहीर होती काय. दोनतीन ठिकाणीं खड्डे घ्यावे. सातबारा पाहावा, व बांधकामाची परवानगी मिळेल कीं नाहीं ह्याची खात्री करावी. मुरूम जवळ असेल तर पाया त्यावरच बसवावा. काळी फार खोल असेल तर जाणत्या इंजिनियरास विचारल्यावांचून कुदळ मारूं नये. अशा जमिनीसाठीं रुरकी येथील इमारत-संशोधन संस्थेनें तळाशीं फुगीर असलेल्या खांबांची रीत प्रचारांत आणिली आहे. ते खांब बहुधा सुमारें ३.५ मीटर खालीं, म्हणजे जेथें ऋतूप्रमाणें ओल फारशी बदलत नाहीं तेथें, नेऊन टेकवितात.

डोंगराच्या उतारावर तर अधिकच सावध असावें. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर पावसानें भिजलेला डोंगर खचला व दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. तीं अधिक पापी होतीं असें कोणीं म्हणूं नये. शिलोहाच्या बुरुजाखालीं मेलेल्या अठरांविषयीं बोलतांना प्रभूनें तसें म्हणणाऱ्यांचें तोंड बंद केलें आहे. परंतु ज्यांस सावध होण्यास वेळ मिळाला आहे, त्यांनीं तो दवडूं नये.

जो घरांत राहत आहे त्यानें पाणी सांभाळावें. छपराचें व मोरीचें पाणी भिंतीशीं मुरूं देऊं नये. सभोंवार बाहेर उतरती फरशी करावी. वड, पिंपळ, निलगिरी हे वृक्ष भिंतीलगत वाढूं देऊं नयेत. त्यांचीं मुळें ओल शोषून माती आणखी आकसवितात. भेग पडली तर कारण शोधिल्यावांचून तिजवर गिलावा करूं नये. कच्च्या भिंतीस वरून लेप देणाऱ्यांस यहेज्केल संदेष्ट्यानें दिलेला इशारा घरमालकासही लागू आहे, आणि त्याहून अधिक विकणाऱ्यास. भेग बुजवून घर विकणें व दोष झांकून जागा विकणें ही चोरीच होय, मग कागदावर शिक्का असो कीं नसो.

आतां आपण आपलें अंतःकरणही खणूं या. कोरड्या दिवसांत प्रत्येकाचा विश्वास कठीण जमिनीसारखा भासतो. आजार, कर्ज, वाडींतील बहिष्कार हे पावसाळे आले म्हणजे खालीं काय आहे तें कळतें. प्रभूचें वचन ऐकणें म्हणजे जागा पाहणें; तें पाळणें म्हणजे खणणें. त्या जागा विकणाऱ्या बंधूसही अद्याप खणतां येईल: त्यानें अर्धी किंमत परत करावी व भिंत बांधावयास स्वतः हात लावावा. मग ते दोघे पुन्हां एका पंगतीस बसतील, आणि त्या घराचा पाया खरोखर खडकावर गेला असें आम्ही म्हणूं. देव आपणां सर्वांस खोल खणण्याचें धैर्य देवो. आमेन.