आपल्या वतीने पाहणारे यंत्र

एखादे कर्म दुसऱ्याकडून करवून घेतले तर ते करवून घेणाऱ्याचे ठरते का, आणि ठरत असेल तर कोठपर्यंत, या प्रश्नाचा अतिशय सूक्ष्म विचार पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावून यज्ञकर्माचे नियम निश्चित करणाऱ्या दर्शनाने, केलेला आहे. आज यज्ञसंस्था बहुतेकांच्या जीवनातून दूर गेली असली तरी हा प्रश्न संपलेला नाही; विसाव्या शतकाच्या अखेरीस घरोघरच्या दूरचित्रवाणी संचांशेजारी जी ध्वनिचित्रमुद्रण यंत्रे आली त्यांनी तो एका अनपेक्षित ठिकाणी पुन्हा उभा केला, आणि त्यांपैकी डीव्हीडी रेकॉर्डर हे यंत्र त्याच्या विवेचनासाठी विशेष उपयुक्त आहे.

घरगुती वापराचा पहिला डीव्हीडी रेकॉर्डर पायोनियर कंपनीने १९९९ मध्ये जपानच्या बाजारात आणला. त्याआधीचा व्हीसीआर चुंबकीय फितीवर मुद्रण करी. नव्या यंत्रात तांबड्या लेसर किरणाने तबकडीच्या आतील थरावर खुणा उमटवल्या जात. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीत हा थर रंगद्रव्याचा असे, तर पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीत तो तापमानानुसार स्फटिकरूप बदलणाऱ्या मिश्रधातूचा असे. एका बाजूच्या एका थरात ४.७ गिगाबाइट माहिती मावत असल्यामुळे, उत्तम दर्जा निवडला तर सुमारे एक तास, मध्यम दर्जात दोन तास आणि दर्जा आणखी उतरवला तर चार किंवा सहा तासांचे मुद्रण होई. यंत्र घेणाऱ्याला ‘वजा’, ‘अधिक’ आणि ‘रॅम’ अशा परस्परांशी पूर्णतः न जुळणाऱ्या तबकड्यांतून निवड करावी लागे, आणि मुद्रण झाल्यावर बहुतेक तबकड्या दुसऱ्या यंत्रावर चालण्यासाठी ‘फायनलाइझ’ करून घ्याव्या लागत. पुढे हार्ड डिस्क असलेली यंत्रे आली, तेव्हा तबकडी बदलण्याचीही गरज राहिली नाही. टायमर लावून घराबाहेर पडलेल्या माणसाच्या अनुपस्थितीत कित्येक कार्यक्रम साठत राहू लागले.

या सोयीचे मूळ समर्थन काळाच्या स्थानांतराचे होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सोनी कंपनीच्या बीटामॅक्स यंत्राविषयीच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, प्रसारणाच्या वेळी पाहता न आलेला कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा न्याय्य वापर आहे. निर्णयाचा पाया हा होता की मुद्रण करणारा मनुष्य तो कार्यक्रम पुढे केव्हातरी पाहतो. परंतु साठवलेल्या तबकड्यांचा मोठा भाग न पाहताच राहतो, हा अशा यंत्रांच्या अनेक मालकांचा परिचित अनुभव आहे, आणि त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट ही की न पाहिलेल्या तबकडीमुळे मालकाला काही गमावल्यासारखे वाटत नाही. उलट ती कपाटात आहे एवढ्यानेच एक प्रकारची तृप्ती मिळते.

ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ रॉबर्ट फॅलर यांनी १९९० च्या दशकात या अनुभवासाठी जी संकल्पना मांडली तिला मराठीत ‘आंतरनिष्क्रियता’ म्हणता येईल. मनुष्य आपले श्रम दुसऱ्यावर सोपवतो हे सर्वज्ञात आहे. फॅलर यांचे म्हणणे असे की तो आपला उपभोगही दुसऱ्यावर सोपवतो, आणि मुद्रणयंत्र हे त्याचे ठळक उदाहरण होय, कारण ते मालकाच्या वतीने जणू चित्रपट पाहून ठेवते. स्लोव्हेनियन तत्त्वज्ञ स्लावोय झिझेक यांनी याच संदर्भात तिबेटी प्रार्थनाचक्राचा उल्लेख केला: आत मंत्र लिहिलेल्या कागदाची गुंडाळी असलेले चक्र फिरते आणि फिरवणाऱ्याचे मन कोठेही असले तरी प्रार्थना घडते. हे साम्य आकर्षक असले तरी परंपरेवर अन्याय करणारे आहे. वाऱ्याने किंवा पाण्याने फिरणारी चक्रे तिबेटात आहेत हे खरे, परंतु तेथील गुरू चक्र फिरवताना काया, वाणी आणि चित्त तिन्हींचा सहभाग सांगतात, आणि करुणेचे अनुसंधान नसेल तर फिरवणे पूर्णफलदायी मानत नाहीत. धर्मपरंपरा प्रातिनिधिक कर्माला सरसकट मान्यता देतात, असे गृहीत धरूनच पाश्चात्त्य चर्चा पुढे जाते. मीमांसा नेमकी येथेच अधिक काटेकोर आहे.

मीमांसेचे सूत्रकार जैमिनी यांच्या सूत्रांत असे मानले आहे की यज्ञाचे फळ यजमानाला, म्हणजे ज्याच्यासाठी आणि ज्याच्या द्रव्याने यज्ञ होतो त्याला मिळते, जरी प्रत्यक्ष क्रिया बहुतांशी ऋत्विज, म्हणजे यज्ञ चालवणारे पुरोहित, करीत असले तरी. हे शक्य होते ते परिक्रयामुळे: दक्षिणा देऊन यजमान ऋत्विजांचे श्रम विकत घेतो आणि त्यामुळे त्यांनी केलेले कर्म त्याचे ठरते. यंत्राची किंमत मोजणाऱ्या ग्राहकाची धारणा याहून फार वेगळी नसते; यंत्र त्याचे आहे, म्हणून यंत्राने जे टिपले ते त्याला मिळालेच आहे, असे त्याला वाटते. मात्र मीमांसकांच्या मते यागाचे सार आहुती अग्नीत पडण्यात नसून त्यागात आहे, म्हणजे ‘हे आता माझे नव्हे’ अशा भावनेने देवतेला उद्देशून द्रव्यावरील आपले स्वामित्व सोडण्यात आहे, आणि ज्याचे स्वामित्व असेल त्यालाच ते सोडता येते. ऋत्विज मंत्र म्हणू शकतो, हविर्द्रव्य शिजवू शकतो, आहुती टाकू शकतो. यजमानाचा त्याग मात्र दक्षिणेच्या मोबदल्यात विकत घेतलेल्या श्रमांत मोडत नाही.

जैमिनींच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायातील प्रतिनिधीविषयक चर्चा ही मर्यादा आणखी स्पष्ट करते. व्रीही, म्हणजे भात, मिळाला नाही तर त्याच्याशी साम्य असलेले नीवार, म्हणजे आपोआप उगवणारे रानभात, वापरून कर्म पुरे करावे. परंतु देवता, मंत्र, अग्नी आणि स्वतः स्वामी यांना प्रतिनिधी नाही. सत्र नावाच्या दीर्घ यज्ञात अनेक यजमान एकत्र असतात आणि त्यांपैकी एखादा मृत्यू पावला तर संख्या पूर्ण करण्यासाठी दुसरा मनुष्य आणता येतो, परंतु तो स्वामी होतो का, या प्रश्नावर सिद्धान्त असा की तो केवळ कर्म करणारा आहे, फळाचा अधिकारी नव्हे.

हा निकष मुद्रणयंत्राला लावला तर त्याची दोन कार्ये वेगळी करता येतात. मुद्रित कार्यक्रम हा थेट प्रसारणाचा प्रतिनिधी होतो तेव्हा तो नीवारासारखा आहे: मूळ द्रव्य त्या वेळी हाती नाही, साम्य असलेले द्रव्य आहे, आणि कर्म, म्हणजे पाहणे, पुरे होते. रात्रपाळीचा कामगार, आजाऱ्याची शुश्रूषा करणारी स्त्री, परदेशी असलेला मुलगा, या सर्वांसाठी हे प्रतिनिधित्व निर्दोष आहे आणि त्यात काही कमी मानण्याचे कारण नाही. परंतु यंत्र प्रेक्षकाचाच प्रतिनिधी होऊ लागले की ते अशक्य कोटीतले काम करू पाहते. पाहण्यात मनुष्य जे देतो ते त्याच्या आयुष्याचे दोन तास असतात, आणि त्या दोन तासांचा त्याग दुसरे कोणीही करू शकत नाही. यंत्राच्या रचनेतही ही गोष्ट अंतर्भूत आहे. डीव्हीडीत चित्र एमपेग-२ या पद्धतीने संकुचित करून साठवले जाते, आणि त्यात मानवी डोळ्याला फारसे जाणवणार नाही असे तपशील वगळलेले असतात. म्हणजे तबकडीवरील प्रत्येक खूण कोणीतरी डोळे उघडून समोर बसेल असे धरूनच उमटवलेली असते.

महाराष्ट्रात हा भेद व्यवहारात पूर्वीपासून ओळखला गेला आहे. आषाढी एकादशीला पंढरपुरात मुख्यमंत्री सपत्नीक विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात आणि दर्शनरांगेतील एका वारकरी दाम्पत्याला त्यांच्यासोबत पूजेचा मान मिळतो. ही पूजा राज्यातील जनतेच्या वतीने होते आणि दूरदर्शनवरून घरोघरी दिसते. तरीही त्यामुळे कोणा वारकऱ्याने आपली वारी झाली असे मानलेले नाही. गाभाऱ्यापर्यंत पोहोचता आले नाही तर तो मुखदर्शन घेतो, तेही न जमले तर कळसाचे दर्शन घेऊन परततो. द्रव्य येथे कमी कमी होत जाते, चालून आलेला स्वामी मात्र तोच राहतो. या महापूजेचे मुद्रण करून ठेवणाऱ्या घराचीही कसोटी हीच आहे की ती तबकडी कोणाच्या नित्य दर्शनाचा आधार झाली आहे की दर्शन घेतल्याचा पुरावा म्हणून ठेवली आहे.

येथे मीमांसेचाच आणखी एक नियम विचारात घेतला पाहिजे. एखाद्या इच्छेने आरंभलेले वैदिक कर्म ती इच्छा मध्येच नष्ट झाली तरी पुरे केलेच पाहिजे, असे जैमिनी मानतात, परंतु घर बांधणे यासारख्या लौकिक कामांना तो नियम लागू करीत नाहीत. ती अर्धी सोडली तरी दोष लागत नाही. त्या न्यायाने टायमर लावून मुद्रित केलेला चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना कधीच पाहिला नाही, तबकडी पुसून टाकली, तर कोणतेही कर्तव्य मोडत नाही, आणि अशा तबकड्यांच्या ढिगाकडे पाहून खंत करण्याचेही कारण नाही. कीर्तन किंवा प्रवचन मात्र श्रवणाच्या संकल्पाने मुद्रित केलेले असते, आणि वेदान्तात श्रवण ही मनन व निदिध्यासन, म्हणजे ऐकलेल्यावरील विचार व अखंड चिंतन, यांच्याआधीची पायरी आहे. पुढच्या दोन पायऱ्या यंत्राला सोपवता येतील असे कोणी म्हणत नाही, मग पहिलीच तेवढी सोपवता येते असे मानणाऱ्याला त्यासाठी वेगळे कारण द्यावे लागेल, आणि तसे कारण दिसत नाही.